मागचं वजन

"सांडलीस!"

चिमाजीचा आवाज बाभळींच्या शेंड्यापर्यंत गेला. पेले तोंडाला लावून उकिडवी बसलेली माणसं एकदम ज्योतीरामकडे वळली. ज्योतीरामचा हात तसाच अधांतरी राहिला. पेला तिरका, आणि बाभळीच्या बुंध्याशी माती ओली.

"सांडली न्हाई चिमाजी. कलंडली."

"काल बी कलंडली, परवा बी कलंडली. बाभळीला पाजतुयास व्हय रं? का सोयरीक जमीवलीस तिच्यासंगं?"

माणसं हसली. पण हसताना एकमेकांकडे बघत होती, ज्योतीरामकडे कुणी बघत नव्हतं.

तळवड्याच्या शिवेला ओढा वळण घेतो, तिथल्या दाटीत चिमाजीची हातभट्टी होती. सरकारनं दारूबंदी केल्यापासून ती कधी ओढ्याच्या वरच्या अंगाला, कधी खालच्या अंगाला बिऱ्हाड हलवत हिंडायची. पिंपरीला औषधाची कंपनी निघाली, आजूबाजूच्या गावांतले गडी औत सोडून पाळीला जाऊ लागले, दारोदार सायकली आल्या. पाळी सुटली की तळवड्याचे सायकलवाले ओढ्याशी उतरायचे. सायकली बाभळींना टेकायच्या, धनी भुईला टेकायचे.

ज्योतीराम त्यातलाच एक. कंपनीत तो बाटल्या धुण्याच्या खात्यात होता. पाळीभर काचेवर काच वाजायची. पाळी संपली, फाटक सुटलं, चिंचवड मागं पडलं तरी कानातली खणखण काही मागं पडत नसे. चिमाजीचा पहिला पेला पोटात गेला की ती जरा लांब जायची. दुसऱ्याला ओढ्यापलीकडे. तिसऱ्याला कानांवर कुणी मऊ कापूस ठेवावा तसं सगळं जग निवायचं, आणि मग ज्योतीराम सायकलवर बसून गाणी म्हणत घरी जायचा. पण आता तो अर्धा पेला प्यायचा आणि उरलेला मातीला द्यायचा.

"माळ घातलीस का ज्योतीराम?" अर्जुनरावानं विचारलं. हा कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी. बोलायचा हळू, म्हणून गावात त्याचं सगळे ऐकायचे.

"न्हाई अर्जुनराव."

"देवाची आन घेतलीस?"

"न्हाई."

"मग डाक्तर बोलला आसंल."

"न्हाई वो. आसंच. जरा कमी करतुया."

"कमी." अर्जुनरावानं तो शब्द दाताखाली खडा आल्यासारखा तोंडात फिरवला. "पिनारा मानूस मला ठावं हाय. सोडनारा बी ठावं हाय, त्येच्या मी पाया पडतो. पर कमी करनारा काय बघितला न्हाई बाबा. कमी कोन करतंय? ज्येला ध्यान ठिकानावं ठेवायचं आसंल त्यो. आन् हितं बसून ध्यान ठिकानावं कशापायी ठेवायचं? बघायला. ऐकायला. उद्या कुनाला तरी जाऊन सांगायला."

आता कुणी हसलं नाही. चिमाजीनं ज्योतीरामच्या हातातला पेला काढून घेतला, उरलेली दारू स्वतःच्या घशात ओतली आणि पेला उपडा घातला.

चूक ज्योतीरामचीच होती. एकदम सोडली तर दहाजण कारण विचारतील, तेव्हा घोटाघोटानं कमी करत जाऊ, कुणाला कळायचंही नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. माळ घातली असती तर एकानं ब्र काढला नसता. पण गळ्यात माळ घेताना निदान देवाशी तरी खरं बोलायला हवं. आणि ते खरं ज्योतीरामला देवाच्याही कानावर घालायचं नव्हतं.

ते असं.

वैशाखात महाळुंग्याला मंजुळाच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. मंजुळा ज्योतीरामची बायको. नवराबायको सायकलवरूनच गेली. सायकल घेतली त्या वर्षी मंजुळानं जात्यावर तिच्यावर ओवी रचली होती, आणि ती गावातल्या बायकांच्या तोंडी बसली होती:

लोखंडाचा गं घोडा, न्हाई दाना न्हाई पानी
त्येच्या पाठीशी बसली, पिंपरीवाल्याची गं रानी

पहिली ओळ ज्योतीरामनं पायडल मारता मारता म्हणायची, दुसरी तिनं मागून, कॅरिअरवरून पुरी करायची. दोघांत तिसरं माणूस नव्हतं, लेकरू झालं नव्हतं. रस्ता कसा सरायचा ते कळायचं नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवामागे मेव्हण्यांनी ज्योतीरामला पोटभर पाजली. परतताना दिवेलागण व्हायला आली होती. मंजुळा नवं लुगडं आवरून, एका अंगानं कॅरिअरवर बसली. चाकण मागं पडलं. नाशिकच्या सडकेला खडी पसरली होती, सायकल धाडधाड उडत होती, आणि ज्योतीराम रंगात होता. त्यानं पहिली ओळ टाकली. मागून दुसरी आली नाही.

त्याला त्यात नवल वाटलं नाही. तो प्यालेला असला की मंजुळा बोलायचीच नाही. ती भांडायची नाही, रडायची नाही, नुसती मुकी व्हायची. भाकरी वाढायची मुकी, अंथरूण टाकायची मुकी, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर हळूहळू बोलती व्हायची. तेव्हा रुसलीय, असं समजून तो तिला मनवू लागला. तिच्या भावाच्या मिशांची नक्कल केली. बाजारातून हिरव्या बांगड्यांचा जोड आणायचं कबूल केलं. पुन्हा पहिली ओळ टाकली. मग शेवटी माफीसुद्धा मागितली. "चुकलं माजं, मंजुळे. पर एक शबुद तरी बोल."

मोशीचा पूल आला. पुलावर मंजुळा नेहमी म्हणायची, "जरा थांबा," आणि हात जोडून इंद्रायणीत एक पैसा टाकायची. ज्योतीरामनं तिच्या सांगण्याची वाट न बघता सायकल थांबवली, कठड्याला पाय लावला आणि पैसा पाण्यात पडल्याचा डुबुक आवाज ऐकायला कान दिला.

"टाक की."

पाणी आपलं वाहत होतं.

"टाक म्हंतो ना, मंजुळे." त्यानं हात मागं नेला. कॅरिअरची लोखंडी पट्टी हाताला गार लागली. केव्हाची गार झाली होती.

तो उलटा फिरला तेव्हा दारू कुठल्या कुठं उतरली होती. चाकणच्या बाजूला, बऱ्याच लांब, सडकेच्या कडेच्या खडीच्या ढिगावर मंजुळा बसलेली दिसली. उजवा हात मनगटापासून वाकडा लोंबत होता, तो तिनं डाव्या हातानं मांडीवर धरून ठेवला होता. पदर डोक्यावरून जराही ढळलेला नव्हता.

"हाका मारल्या मी," ती म्हणाली. "लई हाका मारल्या."

त्यानं तिला उचलायला हात पुढं केले. तिनं अंग चोरलं. तिथून तळवड्यापर्यंत ती चालत आली. तो शेजारून सायकल हाताशी धरून. गावाच्या शिवेशी ती थांबली आणि एवढंच बोलली:

"कुनाला सांगू नगा. बायकू सांडून आला म्हनत्याल तुमाला. तुमी सुटाल हसून. मी मातूर जनमभर सांडल्याली."

बायकांना तिनं सांगितलं, घाटावर पाय घसरला. हाडवैद्यानं बांधलेलं मनगट वाकडंच बसलं. जात्याचा खुंटा त्या हातात मावेना. ती डाव्या हातानं दळू लागली, आणि डाव्या हाताला ओवीची लय काही सापडेना. कॅरिअरवर ती पुन्हा बसली नाही. शेतात, बाजाराला, दवंडी ऐकायला, कुठंही जायचं तरी पायी.

ज्योतीरामला पडण्याचं एवढं नव्हतं. सायकलवरून माणसं पडतात. त्याला रात्रंदिवस खात होतं ते वेगळंच. आपण सबंध सडकभर बोलत होतो आणि मागं माणूस नव्हतं. तिचं नसणं आपल्याला तिच्या गप्प बसण्यासारखंच वाटलं. इतकं तिला गप्प बसवलं होतं आपण! चिमाजीचा पेला काचेची खणखण थांबवायचा हे खरं, पण त्याच कापसाच्या बोळ्यानं मंजुळाच्या हाकाही थांबल्या होत्या. म्हणून तो आता अर्धाच घ्यायचा. खणखण सोसेल इतकी राहावी, पण मागं कुणी हाक मारली तर ऐकू यावी, इतपतच.

हे बाभळीखाली बसून कुणाला सांगायचं?

श्रावणात भट्टीवर धाड पडली. त्या दिवशी वारा पडला होता, धूर सरळ दांडीसारखा आभाळात उभा राहिला होता, आंधळ्यालासुद्धा वाट सापडली असती. पण धुरावर राग काढता येत नाही. पोलिसांनी मडकी फोडली, चिमाजीला दोरी लावून नेलं, आणि ओढ्यापासून गावापर्यंत एकच नाव झालं, ज्योत्या खबऱ्या.

मग कंपनीत भाकरी खाताना त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. पारावर तो आला की बोलणं चिलमीसारखं विझायचं. मंजुळा पाण्याला गेली की बायका रांगेत पुढं सरकायच्या, तिच्यासाठी मागं कुणी सरकायचं नाही. आणि रोज सायकल पंक्चर.

चिंचवड स्टेशनाजवळ शौकतचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे चहूकडून आले.

"भावा, एवढे काटे रस्त्यावर पडत नाहीत," शौकत म्हणाला. "पेरावे लागतात."

ज्योतीराम पंपाची नळी उगीच गुंडाळू लागला.

"वैशाखात कॅरिअर वाकवून आणलंस, तेव्हाच मी समजलो. सामानानं असं वाकत नाही ते. कोण पडलं ते मी विचारलं नाही, आजही विचारणार नाही. पण एक सांग, मागचं वजन उतरलं की हँडल लगेच हलकं लागतं. सायकलीला कळलं असणार. तुला कसं नाही कळलं?"

"गप चिकटव."

"चिकटवतो. पण राव, जे झालं ते सांगून टाक त्या लोकांना. चार दिवस हसतील, गप्प बसतील. खबऱ्या म्हणून हातपाय तुटण्यापेक्षा हसू बरं."

"हसू माज्यावर न्हाई यायचं, शौकत. दुसऱ्यावर यील."

शौकतनं मान खाली घालून पट्टी घासली. त्या दिवशी त्यानं ज्योतीरामला चहा पाजला, पण तोंडानं शिव्याच देत होता. "अक्कल नाही तुम्हा लोकांना. अजिबात नाही."

भाद्रपदात एका संध्याकाळी महाळुंग्याहून निरोप आला. मंजुळाच्या आईनं अंथरूण धरलं होतं, घशाखाली पाणी उतरत नव्हतं. लेकीचं नाव घेत होती. नदीला पूर होता, होडी बंद, मोशीच्या पुलावरून वळसा घालण्याखेरीज वाट नव्हती. ज्योतीराम रात्रपाळीला निघाला होता. पाय उंबऱ्यात घोटाळला.

"ऱ्हाऊ का मी?"

"अंधारात त्या सडकंनं मी यायची न्हाई," मंजुळा म्हणाली. "सकाळी या बिगीबिगी." मग चुलीकडे तोंड करून, जणू चुलीलाच सांगते आहे अशी, "बसंन मी मागं. पर वास आला, तर तितंच उतरीन. मग माज्या मागं येऊ नगा."

वैशाखापासून पहिल्यांदा ती बसते म्हणाली होती.

सकाळी फाटक उघडल्याबरोबर ज्योतीराम निघाला. चिंचवड, निगडी, कुठं पायडल थांबलं नाही. दव पडलं होतं, बांधावरचं गवत उजळलं होतं, आणि त्याच्या कानात खणखण होती ती त्याला आज बरी वाटत होती. ओढ्याच्या वळणावर आडवा ओंडका पडला होता. तो उतरला, तसा बाभळींतून चिमाजी पुढं आला. कोठडीतून सुटून आलेला, गालफडं बसलेली. मागं अर्जुनराव आणि आणखी तिघेचौघे.

"या पाहुनं," चिमाजी म्हणाला. "गडबडीत दिसता."

"सासू आजारी हाय चिमाजी. बायकूला न्यायचीय. जाऊ दे मला."

"जा की. कोन आडीवतंय? एवढा पेला घे आन् जा." त्यानं काठोकाठ भरलेला पेला पुढं केला. "आमच्यासंगं आमच्यावानी पी, पुरा पी. बाभळीला न देता. मग तू आमचा."

"आज नगं. उद्या ये म्हन, उद्या पितो."

"आजच का न्हाई?" अर्जुनराव हळूच म्हणाला. "बरं, नगं पिऊस. मग कारन सांग. कमी का केलीस? खरं वाटलं तर आमी हात जोडू. आमी काय राक्षस न्हाई."

हेही खरं होतं. ज्योतीरामला त्यांची तोंडं लहानपणापासून माहीत होती. त्यानं नुसतं म्हणावं, वैशाखात मी बायको सडकेवर सांडून आलो, मोशीपर्यंत तिच्याशी बोलत आलो, की हे सगळे पोट धरून लोळतील. चिमाजी पाठीवर थाप मारील. सायकल सुटेल. आणि दुपारच्या आत ती गोष्ट पाणवठ्यावर जाईल, तिथून महाळुंग्याला, मरणाला टेकलेल्या आईच्या अंथरुणापाशी, मंजुळाच्या आधी.

"कारन न्हाई," तो म्हणाला.

"मग पी."

"पीत न्हाई."

चिमाजीनं पेला त्याच्या दाताला लावला. ज्योतीरामनं ओठ मिटून तोंड फिरवलं, आणि हातानं पेला लांब ढकलला. दारू चिमाजीच्याच पायांवर गेली.

"माजी मडकी फोडलीस! माज्या पोराबाळांच्या तोंडातलं काढलंस!" चिमाजी ओरडला आणि कोयता घेऊन सायकलीवर तुटून पडला. टायर चराचरा फाटले. बाकीच्यांनी पुढचं चाक पायाखाली घेऊन मोडलं. ज्योतीराम मधे पडला तेव्हा त्याच्या खांद्यात लाथ बसली, तोंड मातीत गेलं. शेवटी अर्जुनरावच म्हणाला, "बास. मानसाला हात नगं." जसा काही तोवर लावला नव्हता.

तो उठला. मोडकी सायकल सोडून जावी असं त्याच्या मनातही आलं नाही. पुढचं चाक उचलून, मागच्यावर ढकलत तो घरी आला.

मंजुळा दारात उभी होती. हातात गाठोडं, वेणीफणी झालेली. ती आधी त्याच्या अगदी जवळ आली आणि तिनं नाकानं श्वास घेतला. मातीचा वास, घामाचा वास. दुसरा वास नव्हता. मग तिनं सायकलीकडे पाहिलं.

"कुनी?"

"चिमाजीनं. कारन इचारत हुता. का कमी केली म्हून."

"मग?"

"न्हाई सांगितलं."

मंजुळा त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मऊ होईल अशी ज्योतीरामला आशा वाटली होती. तो झाला नाही.

"न्हाई सांगितलं?" तिचा आवाज चढला. "माजी आय तितं मरायला टेकलीय आन् तुमाला माजी लाज राखायची पडली व्हय? सांगायचं हुतं! बायकू सांडली म्हून बोंब मारायची हुती! सायकल तरी ऱ्हायली आसती! अवं, आता मी काय उडत जाऊ?"

"तूच म्हनलीस..."

"मी म्हनले! मी म्हनले आन् तुमी ऐकलं, आजच बरं ऐकू आलं तुमाला!"

अख्खी आळी दारात आली. मंजुळानं कुणाची पर्वा केली नाही. तिनं गाठोडं कॅरिअरवर आदळलं, दोरीनं आवळलं आणि चालायला लागली. ज्योतीराम मोडकी सायकल तशीच ढकलत पुढं, ती मागं. शेजारच्या माळ्याकडे, चिखलीच्या गाडीवानाकडे, दोन ठिकाणी त्यानं बैलगाडी मागितली. खबऱ्याला कुणी गाडी दिली नाही.

चिखली आली, मोशी आली, पूल आला आणि गेला. मंजुळा थांबली नाही. ऊन तापलं. आणि सबंध वाटेवर तिचं तोंड चाललं होतं. चिमाजीच्या सात पिढ्या तिनं काढल्या, अर्जुनरावाच्या मिठ्ठास बोलण्याला नावं ठेवली, ज्या मेव्हण्यांनी मांडवामागं पाजली त्या स्वतःच्या भावांना सोडलं नाही. आणि फिरून फिरून ज्योतीरामवर येत होती. त्याच्या बाटल्या, त्याचा अर्धा पेला, त्याचं शहाणपण. असलं शहाणपण चुलीत घाला. इतकी वर्षं न बोललेलं सगळं त्या सडकेवर निघत होतं.

ज्योतीरामचा खांदा ठणकत होता. मागच्या चाकाचा फाटका टायर दर फेऱ्याला सांगाड्याला घासत होता. पण तो मान खाली घालून, मागं न बघता चालत होता. शिव्या जरा लांबून आल्या की पाऊल आखडतं घ्यायचा. जवळून आल्या की नेटानं पुढं व्हायचा. मागं वळून बघायची त्याला गरजच पडत नव्हती.

चाकण गेलं. उन्हं कलू लागली. महाळुंग्याची चिंच दिसू लागली तेव्हा मंजुळा त्याच्या आईवर आली होती, असला लेक जन्माला घातला म्हणून. "त्या माउलीला तरी काय म्हनू मी," ती म्हणत होती, "तिनं एकदा तरी कान धरून..."

आणि आवाज तुटला.

ज्योतीराम जागच्या जागी गर्रकन वळला. हातातली सायकल आडवी झाली.

मंजुळा होती. सडकेच्या मधोमध उभी होती, वाकडं मनगट तोंडावर दाबून. तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. तिच्या माहेरच्या दारापुढं माणसं बसली होती, टोप्या काढून, आणि कुणीतरी अंगणात ओला बांबू तासत होतं.

ज्योतीरामनं गाठोडं सोडून काखेत घेतलं. सायकल तिथंच राहिली. मंजुळा चालू लागेपर्यंत तो थांबला आणि मग तिच्या मागून चालू लागला.